डांबरी परी

अंकिता दुकानाच्या पायरीवर उभी राहून फोनवर कोणाशी तरी हसत होती. त्या हसण्यावरूनच जयाने तिला ओळखलं. आवाज बाहेर पडायच्या आधी नाकात अडकणारं, ठसके देत येणारं हसणं. काही वर्षांपूर्वी जयाने ते एका व्हिडिओत इतक्या वेळा ऐकलं होतं, की मशीनवरचा तिचा पाय आपोआप थांबला.

दुकान म्हणजे नालवाडीतल्या जयाच्या घराची पुढची खोली. ब्लाउज, फॉल-पिको चालायचंच, पण जयाचं नाव होतं ते गॅदरिंगच्या कपड्यांसाठी. दिवाळी झाली की वर्ध्यातल्या शाळांच्या बाई मोराचे पिसारे, वाघाची शेपटं, परीचे पंख यांच्या ऑर्डरी घेऊन तिच्याकडे यायच्या.

"ताई, कॉस्च्युम तुम्हीच शिवता ना?" फोन ठेवून अंकिता आत आली. गोरी, उंच, केस खांद्यापर्यंत कापलेले. "मला एक ॲनिमेतला ड्रेस हवाय. ॲनिमे म्हणजे, जपानचं कार्टून. त्यात एक सिरीज आहे, 'तोमोशिबी'. तुम्हाला माहीत नसेल."

"नाही," जया म्हणाली.

जयाला माहीत होतं. पवनारला माहेरच्या घरी संध्याकाळी टीव्हीवर 'तोमोशिबी' लागायचं, हिंदीत. वावरातून तोडून आणलेल्या पालकाच्या जुड्या बांधत जया ते कानाने ऐकायची आणि तिची धाकटी बहीण गुंजन टीव्हीला नाक लावून पाहायची. फुयुमी नावाची एक जाडसर, सावळी, धावताना पडणारी मुलगी. आजोबांच्या दीपगृहात तिला एक दिवा सापडतो. दिवा उचलून तिने स्वतःभोवती गिरकी घेतली की शाळेचा निळा गणवेश उलगडत जातो, पांढराशुभ्र झगा होतो, त्यावर सोनेरी ठिणग्या. मग ती धुक्याच्या राणीशी लढायला निघते. गुंजनही तशीच होती, जाडसर, सावळी. टीव्हीवरची एखादी हिरोईन आपल्यासारखी दिसते, हे तिला पहिल्यांदाच कळलं होतं. ती अंगणात पितळेचा दिवा घेऊन गरगर फिरायची, आणि बाप रूपराव ओरडायचे, "अवो, तेल सांडून राह्यलं!"

गुंजन नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये वेशभूषा स्पर्धा होती. जयाचं तेव्हा लग्न ठरत होतं. तिने अस्तराच्या सॅटिनमधून गुंजनला फुयुमीचा झगा शिवून दिला. तिने शिवलेला तो पहिला कॉस्च्युम. स्पर्धेच्या आदल्या दिवशी गुंजन शाळेच्या मागच्या वर्गात एकटीच गिरकीचा सराव करत होती. खिडकीतून तिच्याच वर्गातल्या अंकिताने व्हिडिओ काढला, त्याला नाव दिलं 'डांबरी परी', आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, कोणालाच सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी गुंजन स्टेजवर आली तेव्हा सगळं मैदान एका सुरात तेच दोन शब्द ओरडत होतं.

नंतर गुंजन वर्ध्याच्या बाजारात आईजवळ भाजी विकायला बसली, की अनोळखी पोट्टे यायचे. "काय डांबरी परी, वांगे कसे दिले?" रूपराव शाळेत गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, "पोरीपोरींची गंमत आहे हो. मनावर घेऊ नका." गुंजनने पाणी तापवायच्या चुलीत तो झगा स्वतःच्या हाताने घातला. सॅटिन जळत नाही, वितळतं. त्याचा काळा चिकट गोळा चुलीच्या विटेला बरेच दिवस चिकटून होता. गुंजन पुन्हा शाळेत गेली नाही. दहावी-बारावी तिने बाहेरून दिली आणि ती वावरात कामाला लागली.

आणि आता हीच अंकिता जयासमोर फोन धरून उभी होती. फोनवर तिची रील चालू होती. खाली नाव होतं, 'वर्ध्याची फुयुमी'.

"पुढच्या महिन्यात वर्ध्यात ॲनिमे मेळा आहे," अंकिता सांगत होती. "नागपूर, अमरावती, सगळीकडून लोक येणार. मला स्टेजवर बदलणारा ड्रेस पाहिजे. दोरी ओढली की गणवेश खाली पडला पाहिजे आणि त्याचाच पांढरा झगा झाला पाहिजे. जमेल?"

जयाने तिच्याकडे नीट पाहिलं. मुलीने तिला ओळखलं नव्हतं. लग्नानंतर जयाचं आडनाव बदललं होतं, आणि आधी तरी तिचा चेहरा अंकिताने कधी पाहिला होता?

"जमेल," ती म्हणाली. "माप देऊन जा."

जयाचा नवरा मुकेश पुलगावच्या डेपोत नोकरीला. संध्याकाळी गाडीने परत आला तर बायको मशीनसमोर फोन टेकवून कार्टून पाहत बसलेली.

"हे काय नवीन?"

"काम आहे."

तिने त्याला कोण आली होती ते सांगितलं. मुकेश बराच वेळ बूट हातात घेऊन बसला. "परत करून टाक ऑर्डर," तो म्हणाला. "झालं ते झालं."

"कोणाचं झालं?" जयाने विचारलं. "माह्या बहिणीचं तं नाई झालं."

तिने सगळे भाग पाहिले. ड्रेस नीट दिसावा म्हणून सुरुवात केली होती, पण मग हात थांबवून पाहू लागली. धुक्याची राणी युगिरी ही पूर्वी स्वतःच दिवा सांभाळणारी मुलगी होती, आणि तिचा दिवा तिच्याच मैत्रिणीने फुंकून विझवला होता, हे तिला आता कळलं. तेव्हा जुड्या बांधता बांधता तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

झग्याची युक्ती अशी होती. निळ्या गणवेशाचा पुढचा भाग म्हणजे एक दुहेरी पदर. तो खांद्याला दोरीने अडकवलेला. दोरी ओढली की पदर खाली पडायचा आणि त्याची आतली पांढरी बाजू कमरेपासून पायापर्यंत समोर यायची. पदर कमरेला हुकांनी लावलेला, त्यामुळे काढता-घालता येत होता. घालणारीला तो एकटीने लावता येत नव्हता, मागे कोणीतरी लागायचंच.

दुसऱ्यांदा मापाला अंकिता आली तेव्हा जयाने टाचण्या लावत लावत विचारलं, "लहानपणापासून पाहता का हे? तुमच्या शाळेत पण पाहायचे का कोणी?"

ती उत्तराची वाट पाहत होती. पोरगी नुसती गप्प राहिली असती, तरी जयाचा हात कदाचित अडला असता.

"होती एक," अंकिता म्हणाली आणि नाकात हसली. "वेडीच होती थोडी. पवनार की कुठून यायची. तिचा व्हिडिओ काय गाजला होता! सगळ्या वर्ध्यात."

"कोणी काढला होता?"

"असेल कोणीतरी." अंकिता आरशात स्वतःकडे पाहत होती.

"काय नाव तिचं?"

"नाव... आता नाही आठवत बाई."

त्या दुपारी जयाने कपाटातून उरलेलं निळं कापड आणि पांढरं सॅटिन काढलं आणि पहिल्या पदराच्या मापाचा दुसरा पदर कापला. पहिल्यावर ठिणग्या होत्या. दुसऱ्यावर तिने खडूने अक्षरं काढली आणि जरीच्या दोऱ्याने ती भरायला घेतली. लांबून वाचता यावीत म्हणून मोठी, ठसठशीत. मोरपिसांवर, देवीच्या शालूवर तिने आजवर जेवढं भरतकाम केलं असेल, त्यातलं कुठलंच तिने इतकं मन लावून केलं नव्हतं. प्रत्येक टाक्याला तिला बरं वाटत होतं. हे तिने नंतर कोणापासून लपवलंही नाही.

मेळा एका मंगल कार्यालयात होता. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर रंगीत दिवे लावले होते. हॉल पोरापोरींनी भरलेला, कोणाच्या डोक्यावर मांजराचे कान, कोणाच्या हातात पुठ्ठ्याची तलवार. एका कोपऱ्यात तोमोशिबीची पुस्तकं, बिल्ले, फुयुमीच्या बाहुल्या विकायला होत्या. जया पिशवी घेऊन त्यातून वाट काढत होती आणि तिच्या मनात येत होतं, ही सगळी गुंजनसारखीच पोरं. घरी बोलणी खाल्लेली, वर्गात चिडवलेली. आज इथे एकमेकांचे फोटो काढत फिरतायत.

स्टेजमागच्या खोलीत अंकिता मेकअप करून तयार होती. जयाने दार लावलं, पिशवीतून दुसरा पदर काढला, मागे बसून हूक लावले, घडी घालून पदर वर खांद्याला अडकवला. निळी बाजू बाहेर, पांढरी आत.

"नीट बसलं ना ताई? ऐनवेळी अडकणार तर नाही?"

"नाही अडकणार," जया म्हणाली.

ती हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. अंकिताचं नाव पुकारलं तेव्हा शिट्ट्या वाजल्या. गाणं सुरू झालं. अंकिता चांगलं करायची, हे जयालाही मान्य करावं लागलं. घाबरत चालणं, पडणं, दिवा सापडणं, सगळं हुबेहूब. मग तिने दिवा वर उचलला, गिरकी घेतली आणि दोरी ओढली.

पदर सर्रकन खाली आला. पांढऱ्या झग्यावर, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, सोनेरी अक्षरं दिव्यांच्या उजेडात लखलखली.

'डांबरी परीचा व्हिडिओ मी काढला.'

अंकिता हात पसरून, मान वर करून हसत उभी होती. तिला वाटलं टाळ्या येतील. आधी पुढच्या रांगेतून कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. मग मागून एक पोरगा ओरडला, "अरे, तो व्हिडिओ! मले आठवते!" कुजबुज पसरत गेली. मांजराचे कान लावलेली एक मुलगी खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "ती पोट्टी तोमोशिबीचीच फॅन होती ना? अन् हे करून ही इथं फुयुमी बनून आली?" तेव्हा कुठे अंकिताने खाली पाहिलं. ती पदर गोळा करायला लागली, पण दोन्ही हातांनी धरूनही तो आवरेना. गाणं चालूच होतं. समोर सगळे फोन वर झालेले.

कोणीतरी "शेम, शेम" सुरू केलं. जया भिंतीला टेकूनच होती. तिच्या अंगावर शहारा आला, आणि तो आनंदाचा होता.

मागच्या खोलीत अंकिता जमिनीवर बसून हूक ओढत होती. काजळ गालांवर उतरलेलं. "तुम्ही केलं हे? मी काय बिघडवलं होतं तुमचं?"

जयाने वाकून शांतपणे हूक काढून दिले. "तिचं नाव गुंजन आहे," ती म्हणाली. "माझी बहीण. आता लक्षात राहील."

घरी येताना तिला वाटत होतं, हे गुंजनला फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती स्कूटीवर पवनारला गेली. आई रंभा अंगणात होती. तिने जयाकडे पाहिलं आणि नुसतं वावराकडे बोट केलं.

गुंजन वांग्यांच्या ओळीत उकिडवी बसून तोडणी करत होती. जया जवळ गेली तरी तिने मान वर केली नाही.

"पाह्यला का व्हिडिओ?" जयाने विचारलं.

"कोणता? कालचा का माहा?"

"म्हंजे?"

गुंजनने ओल्या हाताने खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. कालचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, आणि त्याला जोडून, 'ही पाहा ती खरी डांबरी परी' म्हणत लोकांनी जुनाही खणून काढला होता. नववीतली गुंजन, बंद वर्गात गिरकी घेणारी. खाली लोक अंकिताला शिव्या देत होते आणि गुंजनवर हसत होते, काही जण दोन्ही करत होते.

जया मातीतच बसली.

"लोक विसरलेते तो शब्द," गुंजन म्हणाली. "बाजारात आता कोणी म्हणत नव्हतं. तू सोन्याच्या दोऱ्यानं लिहून ठेवला."

"मी तुह्यासाठी केलं, गुंजन."

"मले विचारलं का?" आता तिने मान वर केली. डोळे कोरडे होते. "तुले काय वाटते, मी विसरली? तिच्या सगळ्या रीला पाहतो मी. ती फुयुमी बनते, लोक वा वा करतात, मी पाहतो. अन् रोज वांगे तोडता तोडता इचार करतो का ही माह्यासमोर आली तं मी काय बोलीन. शब्द न् शब्द पाठ आहे मले. तो बदला माहा होता, ताई. तू घेऊन टाकला."

अंकिताचं जे झालं त्याचं जयाला अजूनही वाईट वाटत नव्हतं. पण बहिणीच्या डोळ्यांत तिने जे पाहिलं, त्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

त्यानंतर गुंजन तिचा फोन उचलेना. जयाकडे येणारी कामंही कमी झाली. एका शाळेच्या बाईंनी दिलेलं कापड परत मागून नेलं. "तसं काही नाही हो, पण पालक विचारतात," एवढंच त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी अंकिताचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, मला गुंजनला भेटायचंय. पत्ता द्याल का?"

या वेळी जयाने आधी गुंजनला विचारलं. आईच्या फोनवर.

"येऊ दे," गुंजन म्हणाली. "तू पण ये. पण मधात बोलू नको."

अंकिता दुपारी आली. तोंडाला ओढणी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. उन्हासाठी सगळ्याच पोरी बांधतात, पण अंगणात सावलीत आल्यावरही तिने ती सोडायला वेळ लावला. गुंजन हौदावर मेथी धूत होती. तिने बहिणीला बाजेवर बसायला सांगितलं. अंकिताला काही सांगितलं नाही, ती उभीच राहिली.

"गुंजन, मी सॉरी म्हणायला आले."

"म्हण."

"सॉरी. खरंच. मी लहान होते, मला कळलं नाही. आता मला घराबाहेर पडता येत नाही गं. कोणीही काहीही लिहितं. माझी आई जेवत नाही."

"माही पण नव्हती जेवत." गुंजनने मेथीची जुडी झटकली. मग हात पुसून ती अंकिताच्या समोर येऊन उभी राहिली. "तुले एक सांगतो. त्या दिवशी तू खिडकीत होती. मी तुले पाह्यलं होतं."

अंकिताने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मले वाटलं, हिले पण आवडते, म्हणून पाहून राह्यली. वर्गात कोणालेच माहीत नव्हतं तोमोशिबी. मले लय बरं वाटलं. म्हणून मी ती गिरकी परत घेतली, आणखी चांगली. तुले दाखवाले. व्हिडिओत मी हसून राह्यली ना, ते तुह्याकडे पाहून."

बाजेवर जयाने ओठ दाबून धरले. हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत गुंजनने हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

अंकिता रडायला लागली. "मला पण आवडायचं," ती म्हणाली. "मी घरी चोरून पाहायचे. वर्गात कोणाला कळू नये म्हणून..."

"मंग तं तू आणखीच वाईट." गुंजनचा आवाज चढला नाही. "न समजणाऱ्यानं केलं असतं तं मी सोडून देलं असतं. तुले समजत होतं मी काय करून राह्यली ते. शाळेत तुह्या एकटीलेच समजत होतं."

अंकिताने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि पर्समधला फोन हातात घेतला. "एक छोटा व्हिडिओ करशील माझ्यासोबत? आपण भेटलो, सगळं मिटलं, एवढंच. तू बोललीस तर लोक थांबतील. मी तुला टॅग करेन, तुझे पण फॉलोअर..."

"तुले माफी पाहिजे का व्हिडिओ?"

अंकिता अडखळली. "दोन्ही," ती शेवटी म्हणाली. "शेवटी युगिरी पण माफ करतेच ना मैत्रिणीला. दिवा परत पेटतो. तुला तर माहीत आहे."

"तो टीव्हीवरचा शेवट आहे," गुंजन म्हणाली. "पुस्तकात ती मैत्रिणीचं सगळं आयकून घेते, अन् काही न बोलता निघून जाते. ती मैत्रीण धुक्यात उभीच राह्यते. तू पुस्तक वाचलं नाई का?"

अंकिताने मान हलवली.

"वाचजो. आता जा."

अंकिता थोडी थांबली. तिने जयाकडे पाहिलं, जणू ती काही म्हणेल. जयाने नजर धुतलेल्या मेथीकडे वळवली. मग अंकिताने ओढणी पुन्हा तोंडाला घट्ट गुंडाळली, गाडी काढली आणि रस्त्याकडे गेली.

गाडीचा आवाज दूर गेल्यावर गुंजन हौदाच्या कठड्यावर बसली. हात तिने मांडीखाली दाबून धरले.

"बरं वाटलं का?" जयाने भीत भीत विचारलं.

"हाव," गुंजन म्हणाली. "बहुत बरं वाटलं. तिचं तोंड पाह्यलं का तू? व्हिडिओ नाई म्हटल्यावर?" ती थोडी हसली. मग हसणं ओसरलं. "तुह्यावरचा राग गेला नाई पण."

"मले माहीत आहे."

"कवा जाईन ते पण माहीत नाई."

"राहू दे."

आठवड्याने कळलं की अंकिताने तिचं खातं बंद केलं आणि ती पुण्याला मावशीकडे गेली. जुना व्हिडिओ आणखी काही दिवस फिरला, मग लोकांना दुसरं काही सापडलं. बाजारात एकदा एका पोट्ट्याने गुंजनला तो शब्द म्हटला. गुंजनने वजनकाट्यावरचं वांगं उचलून त्याच्या छातीवर मारलं, आणि रंभा तिला आवरायच्या ऐवजी दुसरं वांगं तिच्या हातात देत होती, असं शेजारच्या विमलाबाईंनी जयाला सांगितलं.

जया त्या रविवारी पवनारला गेली. गुंजन वावरात होती. जयाने साडीचा पदर खोचला आणि पलीकडच्या ओळीत तोडायला बसली. गुंजनने तिच्याकडे वांग्यांसाठी रिकामं कॅरेट सरकवलं.